मोजणीदार कोण, ते मी सांगितलं

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. जिच्यापाशी निघायला हवं होतं ती वहिनी दीड महिन्यापूर्वी गेली. म्हणून आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही — ते बरंच आहे.

मी कॉलेजात साहित्य शिकवते. लग्न केलं नाही. पुंडलिकनगरात भावाच्या घरी पुढची खोली माझी. दादा वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर. वहिनी सोयगावकडची, बारावी झालेली.

दादा वहिनीला मारायचा. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. मारायच्या आधी तो मनगटावरचं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा — काच फुटू नये म्हणून. घड्याळ ठेवल्याचा तो बारीक आवाज मला खोलीत ऐकू यायचा. वहिनी स्वतःच उठून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, शेजारी ऐकू नये म्हणून. आणि मी? मी पान उलटायची.

माझा अभ्यासाचा विषय माहीत आहे का तुम्हाला? कल्पनेतली जुलमी राज्यं. ज्यांत बायकांना कोंडतात, वाटून घेतात, गप्प करतात, आणि एक दिवस त्या उठतात — अशा कादंबऱ्या. त्यांवर मी लेख लिहिले. त्यांतली एक वहिनीला वाचायला दिली. तिच्यासाठी दिली, की आपण काहीतरी केलं असं वाटावं म्हणून दिली? मला तेव्हाही ठाऊक होतं, आताही आहे.

वहिनी दुपारी वाचू लागली. मग लिहू लागली. दोनशेपानी वही, ज्वारीच्या कोठीमागं ठेवलेली. फक्त मला दाखवायची.

आमच्याकडे नळाला पाणी कधी सहा दिवसांनी येतं, कधी आठ. तिच्या गोष्टीतलं शहर तसंच होतं, फक्त तिथं पाणी बायकांच्या वागणुकीवर मिळायचं. उलट बोलली तर एक घागर कमी. रडली तर दोन. दर गल्लीला एक मोजणीदार — घागरी मोजणारा, आणि चुकलेल्या बाईला मारणाराही तोच. ज्या घरातली बाई चुकली त्या घरातल्या मुलींच्या ओठांना भेगा पडायच्या, आणि आयाच त्यांना मारायच्या — गप्प बसा म्हणून. पन्नास पानं मी वाचली. चांगलं होतं. नुसतं चांगलं नव्हतं — मला येत नव्हतं तसं होतं. माझी स्वतःची कादंबरी अकरा वर्षं चौथ्या पानावर अडली होती.

मी तिला म्हणाले, भाषा अजून कच्ची आहे. तिनं मान डोलावली. तुम्ही सांगाल तसं करते म्हणाली.

वही दादाच्या हाती लागली त्या दिवशी कॉलेजात चर्चासत्र होतं. मी बोलले की अशा राज्यांत सत्ता एकट्या पुरुषाच्या हातात कधीच नसते. ती थोड्या बायकांच्या हातीही किल्ल्या देते, आणि पहिला घात त्याच करतात. टाळ्या पडल्या. संध्याकाळी साडेपाचला मी खुशीत घरी आले.

दादा गॅसचं पुस्तक शोधत होता. त्याला वही सापडली. वहिनी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तो वही घेऊन माझ्या खोलीत आला. रागावलेला नव्हता — खरंच नव्हता. हसत होता. "काय गं, ही आमची लेखिका काय लिहिते? तू मास्तरीण यातली. हे माझ्यावर आहे का?"

गोष्ट आहे, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. त्याला वाचायचा कंटाळा. तो वही परत ठेवायला वळलाच होता.

मी म्हणाले, "मोजणीदार मारायच्या आधी काय करतो, ते वाच."

पान काढून दिलं. मीच.

तो उभ्यानं वाचत गेला. त्या पानावर मोजणीदार घड्याळ काढून टाकीच्या कठड्यावर ठेवतो. दादानं आपल्या मनगटाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. वही माझ्या पायाशी पडली.

वहिनी कपडे घेऊन जिना उतरली, आणि त्या दिवशी त्यानं घड्याळ काढलं नाही. स्टीलच्या पट्ट्यानं तिची भुवई फाटली. हे मी दारातून पाहिलं. स्वयंपाकघराचं दार लावायला तिनं सवयीनं हात पुढं केला — तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं चौकटीत होती. त्यानं दार आपटलं. मग उघडून पुन्हा आपटलं. चौकटीवरून रक्त खाली ओघळत होतं आणि ती ओरडतही नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते हे. मी वही उचलली. मी मध्ये पडले नाही, शेजाऱ्यांना हाक मारली नाही — खाटेवर बसून पुढची पानं वाचली. मला शेवट हवा होता. भिंतीपलीकडं तिचं डोकं आपटत होतं, आणि इकडं वहीत तिच्या गोष्टीतल्या बायका मोजणीदाराला टाकीत बुडवत होत्या, त्याचे केस मुठीत धरून, पाणी लाल होईपर्यंत. मी एकही ओळ सोडली नाही. आणि माझ्या मनात आलं — हे तिला कसं जमलं?

दवाखान्यात मी सांगितलं, दारात बोटं सापडली. खोटं तरी कसं म्हणाल? तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. वही दादानं गच्चीवर जाळली.

घरी आल्यावर तिनं एकदाच विचारलं. "ताई, त्यांना कसं कळलं वो? त्यांना तर पेपर वाचायचा बी कंटाळा."

मी म्हणाले, माणसाला आपलं वर्णन कळतंच.

तिनं विश्वास ठेवला. त्यानंतर नऊ वर्षं ती डाव्या हातानं पोळ्या लाटत होती, आणि पहिली मला वाढत होती. लिहायला तिनं पुन्हा घेतलं नाही. डाव्या हातानं जमेल, असं मीही कधी सुचवलं नाही. नको होतं मला ते.

तापानं गेली. चार दिवसांत.

भेटायला तिची म्हातारी आई सोयगावहून आली. दादा हुंदके देत होता. त्याच्याकडं तिनं पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन बसली, माझे दोन्ही हात धरले. "माझ्या लेकीला या घरात तुमचाच आधार व्हता, बाई. दर खेपेला सांगायची."

खोली बायकांनी भरलेली होती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणाले, हो.