तिने ‘थांबा’ म्हटलं तर

व्हिसाच्या फॉर्मवर प्रवासाचं कारण मी एका दमात लिहून टाकलं होतं. घरी सांगायला मात्र आठवडा लागला.

मी डोंबिवलीत राहते आणि जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बलात्काराच्या तक्रारीनंतर पोलीस एखाद्या मुलीला घेऊन येतात, तेव्हा तिची तपासणी बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. अशा बायकांना इंग्लंडमध्ये मदत कशी करतात, हे तिथल्या एका केंद्रात दोन आठवडे राहून बघायची संधी मला मिळाली होती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातली पालेभाजी निवडत राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “नौपाड्याच्या वन्सं विचारतील. त्यांना बायकांच्या आजारांचं ट्रेनिंग म्हणून सांगू का?”

“सांगा,” मी म्हटलं. सोसायटीत मीही तेच सांगितलं होतं.

ते केंद्र बाहेरून साध्या घरासारखं होतं. दारावर पाटी नव्हती. तिथली मुख्य नर्स माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, सावकाश बोलणारी. माझ्या इंग्रजीची मला धास्ती होती, पण ती शब्द इतके सुटे करून बोलायची की पहिल्याच दिवशी ती धास्ती गेली. दुसरीच सुरू झाली.

तिने मला खोल्या दाखवल्या. बसायची खोली, तपासणीची खोली, तपासणीनंतर आंघोळीची सोय, कपाटात वेगवेगळ्या मापांचे नवे कपडे. आलेल्या बाईसोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कार्यकर्ती असते, असं तिने सांगितलं. “आणि परवानगी आम्ही एकदाच घेत नाही,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी हात लावण्याआधी विचारतो. तिने थांबा म्हटलं की थांबतो. तुमच्याकडे कसं करता?”

“असंच,” मी म्हणाले.

मग मी आमचे नियम सांगितले. लेखी संमती, स्वतंत्र खोली, शक्यतो बाई डॉक्टर, पोलीस खोलीबाहेर. यातलं काही खोटं नव्हतं, सगळं कागदावर आहे. आमच्या त्या खोलीतच ड्रेसिंगचं सामान ठेवलेलं असतं, दाराची कडी नीट बसत नाही, मध्येच कुणीतरी कापूस न्यायला आत येतं आणि बाहेरून कॉन्स्टेबल “मॅडम, अजून किती वेळ?” असं विचारत राहतो, हे मी सांगितलं नाही. परक्या देशात आपल्या घरातला पसारा कशाला दाखवायचा, असं काहीतरी मनात असावं.

तिने सगळं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “शेवटच्या शुक्रवारी आमच्या स्टाफला हे पंधरा मिनिटं सांगाल का? त्यांना फार उपयोग होईल.”

तेव्हापासून दिवसभर मी शिकत होते, लिहून घेत होते, पण मनात शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजत होते. घरी व्हिडिओ कॉल केला की नवरा विचारायचा, “तब्येत बरी आहे ना? चेहरा उतरलाय.” मी थंडीवर ढकलायचे.

दुसऱ्या आठवड्यात सरावाचा दिवस होता. शिकणाऱ्याने रुग्ण व्हायचं, अशी तिथली पद्धत. मी अंगावरच्या कपड्यांनिशी तपासणीच्या टेबलावर आडवी झाले. नर्स बाजूला उभी राहिली. “मी आता तुमचा हात धरते, चालेल?” मी हो म्हटलं. “आता खांद्याकडे बघते, चालेल?” हो. “पोटावर हात ठेवते?” मी तशाच आवाजात हो म्हटलं. तिने हात लावला नाही. ती थांबली.

“तुम्ही हो म्हणालात,” ती म्हणाली, “पण मुठी आवळल्यात. थांबू या का?”

दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी डोळ्यांसमोर आली होती. कोलशेतकडची. एका कंपनीत पॅकिंगला जायची. सोबत मोठी बहीण होती. मी फॉर्मवर सही घेतली होती, शांतपणे बोलले होते, आवाजही चढवला नव्हता. तपासणीच्या मध्येच तिने माझं मनगट घट्ट पकडलं. बाहेर ओपीडीची रांग होती. मी तिची बोटं हळूच सोडवली आणि म्हणाले, “झालंच गं, दोन मिनिटं.” तेव्हा मला वाटलं होतं, मी किती मायेने वागले. ती नको म्हणत होती आणि मी तिचा हात बाजूला केला होता.

टेबलावर उठून बसत मी नर्सला हे सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी जे सांगितलं ते कागदावरचं होतं, हेही सांगितलं. ती स्टूल ओढून बसली. “हे घर सुरू व्हायच्या आधी मी बरीच वर्षं हेच काम केलं,” ती म्हणाली. “पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत. तिथले काही चेहरे मलाही आठवतात.” मग म्हणाली, “शुक्रवारी हे सांगाल?”

शुक्रवारी मी अर्धं सांगितलं. खोलीचं, कडीचं, कापसाचं. त्या मुलीचं सांगायची हिंमत झाली नाही.

परत आल्यावर पहिला विचार तिला शोधायचा आला. केसपेपरवर पत्ता होताच. आमच्याकडे समुपदेशन करणारी मैत्रीण आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, “तुला माफी मागून मोकळं व्हायचंय गं. पण तुला दारात बघून तिच्या घरात काय होईल, याचा विचार केलायस?” केला नव्हता. मी गेले नाही. ते ओझं माझ्याकडेच राहिलं.

रुग्णालयाच्या प्रमुखांकडे मी स्वतंत्र खोली मागितली. ते हसून म्हणाले, “मॅडम, परदेशातून आल्यावर सगळ्यांना असंच होतं. महिन्याभरात उतरतं.” खोली मिळाली नाही. पण ड्रेसिंगचं सामान हलवायला ते तयार झाले. सुताराने कडी बसवली, सिस्टरने पडदा लावला.

मग कळव्याची एक तरुणी आली. तेवीसएक वर्षांची, सोबत आई आणि एक महिला कॉन्स्टेबल. मी सुरुवातीलाच तिला सांगितलं, “तू कधीही थांबा म्हणू शकतेस. मी थांबेन.” हे वाक्य मी आमच्या रुग्णालयात पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि मनात म्हणत होते, थांबा म्हणू नकोस.

अर्ध्यावर ती म्हणाली, “थांबा.”

मी हात मागे घेतले. ती उठून बसली. तिने पाणी मागितलं, आईला बाहेर जायला सांगितलं. बाहेरून कॉन्स्टेबलने दार वाजवलं. “मॅडम, साहेबांचे सारखे फोन येतायत.”

“वेळ लागेल,” मी म्हणाले. उशीर झाला की पुरावे पुसट होतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फॉर्मवरचे रिकामे रकाने दिसत होते. उद्या वकील उभा राहून काय विचारेल, तेही ऐकू येत होतं. आणि ती नुसती पडद्याकडे बघत बसली होती. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या, काय केल्याने उपयोग होईल आणि काय राहून जाईल. मग गप्प बसले. तसं गप्प बसणं मला फार जड गेलं.

पाऊण तासाने ती म्हणाली, “बाकीचं करा. शेवटचं नको.”

मी बाकीचं केलं, प्रत्येक वेळी विचारून. शेवटच्या, आतल्या तपासणीच्या रकान्यात लिहिलं, रुग्णाने नकार दिला. सही केली आणि तेव्हापासून त्या एका ओळीची काळजी करत राहिले. मी तिचं ऐकलं की तिची केस कमकुवत केली, हे मला ठरवता येईना.

काही महिन्यांनी ठाण्याच्या कोर्टात माझी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. “डॉक्टर, तपासणी अपुरी का सोडलीत?”

“तिने नको म्हटलं म्हणून,” मी म्हणाले. “त्याशिवाय पुढे जायचा मला अधिकार नाही.” न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर बाकावर तिची आई बसली होती. मला बघून उठली. “मॅडम, आधीच्या तारखेला ती आत बोलली,” ती म्हणाली. “घरी कुणाशी एक शब्द बोलत नाही. तिथे सगळं बोलली.”

मी त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसले. निकाल अजून लागलेला नाही. तो विरुद्ध गेला, तर त्या एका ओळीमुळे गेला असं मला आयुष्यभर वाटत राहील, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी पुढची तारीख विचारली. मी आत जाऊन कारकुनाला विचारून आले आणि त्यांना एका चिठ्ठीवर लिहून दिली.