टकटक करून फोन उघडणारे चाचा

कोणाचाही फोन दुरुस्तीला आला की चाचा आधी त्याच्या पाठीवर नखाने टकटक करायचे आणि मालकाला विचारायचे, "आत येऊ ना?" तो हो म्हणाला तरच फोन सुरू करायचे. चुकून फोटो उघडले गेले तर मान पार रस्त्याकडे वळवायचे. "कोणाच्या घरची मायबहीण असन," म्हणायचे. बल्लारपूरच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं, आणि कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ त्यांच्या बाकावर जायची. याच माणसाने गिऱ्हाईक लुटलं, असं बल्लारपुरात अजूनही बोलतात. ते खोटं आहे.

कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले जुने फोन चाचा जगवायचे. आतली सिस्टीम पुसून दुसरी टाकायचे. ती बनवणारी माणसं दूर देशातली, मोजकीच. फोनवर जाहिराती नाहीत, आपली माहिती कोणाला विकणं नाही. मात्र अपडेट हवे असतील तर दरवर्षी थोडे पैसे भरायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अपडेट तर सगळीकडे फुकट येते, चाचा." चाचा समजावत, "अपडेट म्हंजे दाराची कडी बदलणं हाय, भाऊ. जुनी कडी चोराले माहीत होऊन जाते. मंग कडी बनवणाऱ्यानं खावाचं काय?"

वर्ष भरत आलं की ते ज्याला त्याला आठवण करून देत. एकदा असेच चहाच्या टपरीवर आले आणि मी ओरडलो, "पैसे काढा रे, चाचा हप्ता वसुलीले आले!" सगळे हसले. चाचाही हसले. "वसुली माही, अन् चहा रोज तुमी पेता माह्या पैशाचा!" पण बाजाराने ते नाव उचललं. लोक तोंडावर 'हप्तेवाले चाचा' म्हणू लागले, आणि चाचांनी आठवण करून देणंच सोडलं. मी स्वतः मात्र दरवर्षी गुपचूप पैसे भरत होतो.

माझा भाचा देवराव कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात ठेकेदाराचा मजूर आहे. त्याचाही फोन चाचांनीच करून दिला होता. त्या वर्षी त्याने मला विचारलं, "मामा, अपडेटचे पैसे भरू का?"

"तुह्या फोनात चोराले भेटन काय? राहू दे," मी म्हणालो.

पुढे कोणीतरी त्या फोनात शिरलं आणि घर बांधायला जमवलेली त्याची बँकेतली सगळी शिल्लक गेली. देवराव थेट चाचांच्या दुकानावर आला. मी बाकावरच होतो.

"माहा फोन तूच खोलला होता. तुलेच माहीत होतं सगळं!"

"बेटा, मी तुह्या फोनात कधी डोकावलो नाई. यंदाचे पैसे तू भरले नव्हते. कडी जुनीच राहून गेली."

"आइका! हप्ता नाई देल्ला म्हून लुटलं म्हणते हा!"

माझा विनोद असा पुरावा होऊन उभा राहिला. जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. देवरावने चाचांच्या कानाखाली मारली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी तरी सांगा."

मी चष्मा पुसत राहिलो. सांगितलं असतं तर भाच्याने मला विचारलं असतं, पैसे भरू नको कोण म्हणालं होतं?

नंतर दुकानावर कोणी फिरकेना. चाचा सिरोंच्याला मुलीकडे निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो, पावसापाण्याचं काहीबाही बोललो. कंडक्टरपासून हमालापर्यंत सगळ्यांशी बोलणारा तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा वारल्याची बातमी आली. मी कोरपन्याला जाऊन देवरावला सगळं सांगितलं: 'हप्ता' हा माझाच विनोद होता, पैसे खरंच अपडेटचे होते, आणि तुला नको म्हणून मी स्वतः दरवर्षी भरत होतो. तो जेवायला बसला होता.

"मामा, आता काऊन सांगून राह्यले?"

मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"मी मारलो त्याले," तो म्हणाला. "तो होता तवा सांगतलं असतं, तर पाय धरले असते त्याचे. आता कोणाचे धरू?"

त्याची बायको भाकर घेऊन आली ती तशीच उभी राहिली. ताट सारून देवराव बाहेर गेला आणि अंगणात माझ्याकडे पाठ करून बसला. शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत मी थांबलो. त्याने वळून पाहिलं नाही.