डॉक्टरांची नदी

डॉक्टर आधी पेशंटच्या तोंडात कापूस भरत आणि मग लढाईचा विषय काढत. कापूस भरलेला माणूस वाद घालत नाही, मध्येच मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत नाही आणि उठून जातही नाही. परळ-लालबागच्या कितीतरी लोकांना रणगाड्यांचे प्रकार कळले ते केवळ दाढ दुखत होती म्हणून. दादरच्या त्या दवाखान्यात वेळा देणं, सामान मागवणं आणि ताटकळलेल्यांची समजूत घालणं ही माझी कामं. तिसऱ्यातच बहुतेक दिवस जाई. ती इमारत आता पाडली आहे. डॉक्टरांची आठवण मात्र आजही कुठे कापसाचा बोळा दिसला तरी येते.

पेशंट त्यांना पाठीमागे ‘मेजर’ म्हणत. प्रत्यक्षात सैन्याने त्यांना पहिल्याच तपासणीत घरी पाठवलं होतं, तळपाय सपाट म्हणून. थोरले बंधू, म्हणजे दादा, तोवर सैन्यात इंजिनियर म्हणून भरती झालेसुद्धा होते. “देशाला माझे पाय नको होते, बाई,” डॉक्टर मला सांगत, “हातांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.” त्या हातांनी ते रिकाम्या वेळात बोटाएवढे प्लॅस्टिकचे सैनिक रंगवत आणि दात कोरायच्या सुईने त्यांच्या बुटांना चिखल लावत. सुया वेगळ्या होत्या. डबे मी स्वतः वेगळे केले होते, वर चिठ्ठ्या लावून: ‘माणसं’ आणि ‘सैनिक’.

आतल्या खोलीत एक्स-रे मशीनच्या शेजारी टेबलभर एक नदी पसरली होती. दोन्ही काठ, होड्या, होड्यांत सैनिक. एकाहत्तरच्या लढाईत दादांच्या तुकडीने पूर्वेकडची कुठलीशी नदी ओलांडली होती. घरी आल्यावर त्यांनी “नदी पार केली” एवढंच सांगितलं, आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्दही नाही. आईवडील विचारून थकले, वहिनींनी नाद सोडला. डॉक्टरांनी सोडला नाही. दादा सत्तरी ओलांडून गेले होते आणि कधीतरी शीवचं घर बंद करून मुलीकडे नागपूरला जाणार होते. त्याआधी त्यांनी या टेबलापुढे उभं राहावं आणि त्या सकाळचं काहीतरी बोलावं, एवढीच डॉक्टरांची इच्छा होती.

या प्रकाराला डॉक्टर डायोरामा म्हणत. लालबागचे लोक देखावा म्हणत आणि यात गणपती कुठे बसणार, ते विचारत.

सगळा घोळ पाण्याचा होता. पाणी म्हणजे रेझिन: दोन बाटल्यांतली द्रावणं एकत्र ढवळायची, ओतायची आणि काचेसारखं घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. ते पातळ थरांत, एकेक थर सुकवून ओतावं, असं बाटलीवर लिहिलं होतं. मी वाचूनही दाखवलं. पण दातांचा डॉक्टर. त्यांचा सगळा माल दोन मिनिटांत घट्ट होतो. “बाई, मी आयुष्यभर हेच करतोय,” असं म्हणून त्यांनी अख्खी नदी एकदम ओतली. थोड्या वेळाने नदी तापली, तिच्यातून वाफ निघाली आणि बाहेर एका गृहस्थांची दाढ काढणं चालू असताना आतून ‘ताड्’ असा मोठा आवाज आला. गृहस्थ कापसातून किंचाळले. त्यांना वाटलं, जबडा गेला. गेली होती नदी. या काठापासून त्या काठापर्यंत तडा.

तडकलेली नदी उकरायला डॉक्टरांनी जुनं ड्रिल घेतलं. खुर्चीत कोणी नाही आणि आत तासभर ड्रिल चालू. बाहेर बाकावरची माणसं एकमेकांकडे बघत होती. “कोण आहे हो आत? किती सहन करतोय बिचारा!” त्या दिवशी दोघं तपासून न घेताच निघून गेले.

दुसरी नदी मात्र नीट थरांत झाली. निळीशार, तळ दिसणारी. दादा दर रविवारी शीवहून दादरला मासळी घ्यायला येत, पिशवी आमच्या फ्रिजमध्ये ठेवत आणि चहा घेऊन जात. दात बसवायच्या सामानाला बोंबलाचा वास का येतो, हे मी पेशंटांना कधी सांगितलं नाही. त्या रविवारी डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं.

“बाळ्या, नदी आहे की तरणतलाव?” दादा म्हणाले. “पाणी चुकलंय.”

“मग कसं होतं?”

“चहासारखं.” आणि पिशवी घेऊन ते निघून गेले.

डॉक्टर धावत माझ्या टेबलापाशी आले. “ऐकलंत? चहासारखं! पन्नास वर्षांत पहिला शब्द बोलला!”

पुढच्या रविवारी मी तीन ठिकाणचा चहा मागवून टेबलावर मांडला. दादांनी तिन्ही कप उजेडात धरून पाहिले. “हा. पण दूध जास्त. आणि वर सगळी जलपर्णी. तिच्यात नाकापर्यंत लपलो होतो आम्ही.” मग तिन्ही कप पिऊन टाकले, नमुन्यासकट. जलपर्णीसाठी मी घरून कसुरी मेथी आणली. बाजारात मिळणाऱ्या छोट्या खोट्या झाडांपेक्षा ती हुबेहूब दिसत होती आणि घरातच होती. पुढे महिनाभर पेशंट आत आले की हुंगून विचारत, “काय डॉक्टर, आज पराठे?”

काठावरचे खडक डॉक्टरांनी पेशंटांच्या दातांच्या जुन्या प्लॅस्टरच्या साच्यांतून फोडून केले होते. वरून करडा रंग. कोणाला कळणार? लालबागच्या म्हापसेकर काकींना कळलं. कवळी दुरुस्तीला आल्या होत्या. उघड्या दारातून आत डोकावल्या आणि थेट नदीवर वाकल्या.

“डॉक्टरानू, ह्यो माजो जबडो! ही फुडली फट माका कळाची नाय? आनि तेच्यार शिपाय उभो केलास?”

“काकी, तो सगळ्यात पुढे लढणारा शिपाई आहे,” एवढंच डॉक्टर कसंबसं म्हणाले.

काकी जरा विचारात पडल्या. “तर मग तेका वायच बाजूक करा. दात दिसांदेत.”

रविवारी दादांनी पाहिलं आणि म्हणाले, “पाणी जरा बरं आहे. पण खडक कुठले? तिथे खडक नव्हतेच. गाळ. पाय रुतला की बूट तिथेच राहायचा. माझा एक राहिला.” काकींचा जबडा काढावा लागला. ते त्यांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

असं ते चालू राहिलं. दर दोन-तीन आठवड्यांनी नवं पाणी, दर वेळी “चुकलंय”, आणि त्या चुकण्याबरोबर एखादं वाक्य. प्रवाह डावीकडे ओढत होता. धुकं होतं म्हणून वाचलो. पलीकडे एक कुत्रं भुंकत होतं आणि सगळे त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. एकदा दादा बराच वेळ मधल्या होडीकडे बघत राहिले. “हिच्यात आठ नकोत,” ते म्हणाले. “सात.”

“आठवा?”

“पोचला नाही.”

डॉक्टरांनी चिमट्याने एक सैनिक अलगद उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून तळहातावर धरून उभे राहिले. दादांनी तो घेतला, शर्टाच्या खिशात घातला आणि मासळी न घेताच गेले. त्या दिवशीच्या उरलेल्या वेळा मी फोन करून पुढे ढकलल्या.

मला शंका फार आधी आली होती. दाताला टोपी बसवायची तर पांढऱ्याच्या सोळा छटांची पट्टी असते. डॉक्टर तिच्याकडे न बघता, नुसत्या नजरेने रंग सांगत आणि कधी चुकत नसत. तो माणूस गढूळ पाण्याचा रंग पाच-पाच वेळा चुकतो? एकदा रेझिन ढवळताना बरोबर जमलेल्या रंगात त्यांनी मुद्दाम हिरव्याचा थेंब टाकलेला मी पाहिला. मी फक्त हिरवा रंग संपत आलाय, असं सांगितलं.

मग नागपूरची तारीख ठरली. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी सगळं पाणी उकरून काढलं आणि पातळ थरांत, धूळ बसू नये म्हणून पंखे बंद करून, घामाने निथळत पुन्हा ओतलं. पेशंट वहीने वारा घेत होते. या वेळी हिरव्याची बाटली त्यांनी उघडलीच नाही.

रविवारी दादा आले ते विमानतळाची वाट वाकडी करून. टॅक्सी खाली उभी. डॉक्टरांच्या खुर्चीत पेशंट होता, म्हणून दादांना आत मीच नेलं. त्यांनी चष्मा काढला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणले. मग अलीकडच्या काठावर बोट टेकवलं.

“इथे बसलो होतो आम्ही. उजाडायची वाट बघत.” आणि माझ्याकडे न बघता, “याला कसं जमलं हे?”

तेवढ्यात डॉक्टर हातमोज्यांसकट आत आले. “काय रे दादा? बघितलंस?”

दादा सरळ झाले. चष्मा पुसला, नाकावर चढवला. “चुकलंय.”

“कुठे?”

“ते असं उभ्याउभ्या सांगता येणार नाही. दिवाळीला येईन तेव्हा निवांत बघू. तोवर नीट कर.”

“तुझं नेहमीचंच,” डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे न काढताच दादांची बॅग उचलून जिना उतरले. खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस घेऊन माझ्याकडे बघत होता. मी त्याला पाच मिनिटं म्हणून सांगितलं आणि खिडकीत गेले. टॅक्सी वळेपर्यंत डॉक्टर फुटपाथवर हात हलवत होते.

वर आले तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भलतेच चमकत होते. “चुकलंय म्हणाला, बाई,” ते म्हणाले. “रेझिन मागवा.”

मी ते सकाळीच मागवलं होतं.