कपाळाला बांधलेला चष्मा

तिला सगळे राघू म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. ती जन्मली तेव्हा तिच्याकडे बघून ते म्हणाले होते, "माझं नाक घेऊन आलीय बघा. राघूच आहे माझा." नाक होतंही तसंच, मधोमध उंचवटा आणि शेंड्याला बाक. वडिलांच्या तोंडी ते नाव गोड लागे. शाळेत पोरांच्या तोंडी गेलं आणि कडू झालं.

पुढे राघू आईच्या हाताखाली रफू शिकली. फाटक्या कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच दोरा काढायचा आणि भोक असं विणून बुजवायचं, की घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. आईचे हात थरथरायला लागले तसं दुकान राघूकडे आलं. मग वडील गेले. घरात दोघीच उरल्या.

चाळिशी उलटल्यावर एका संध्याकाळी कात्री पुसता पुसता राघूने सांगून टाकलं, "आई, मी नाकाचं ऑपरेशन करून घेणार आहे."

"का गं? श्वास अडतो?"

"नाही. सरळ करून घेणार."

"या वयात? आणि दाखवणार कोणाला?"

"तुला."

आईने मान वर केली.

"तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा बाबांकडे बघत असतेस," राघू म्हणाली. "जेवायला समोर बसतेस आणि माझ्या नाकाशी बोलतेस. मीपण आहे की गं इथे."

"त्यांची तेवढीच खूण उरलीय घरात," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या दिवसापासून तिने लेकीच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. बोलायची, पण दाराशी, नाहीतर भिंतीशी. राघू अशी हाकही बंद झाली. राघूने ऑपरेशन काही रद्द केलं नाही. सुरीची तिला फारशी भीती नव्हती. भीती होती ती आई परत आपल्याकडे बघेल का, याची.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, डोकेदुखीच्या गोळ्या बंद करायला लावल्या, फोटो काढले. ज्या बाजूने राघूने जन्मात कोणाला फोटो काढू दिला नव्हता, त्याच बाजूने सगळ्यात जास्त. ऑपरेशननंतर डोक्यावरून घालायचे कपडे चालणार नाहीत, असंही बजावलं. राघूकडे तर सगळे तसलेच. दवाखान्यात जायच्या सकाळी पिशवी उघडली, तर तिचा जुना गाऊन पुढून कापून त्याला बटणं लावलेली. टाके वेडेवाकडे. कोणाचे ते विचारायला नकोच.

"हे कधी केलंस?"

"केलं असेल कोणीतरी," आई खिडकीला म्हणाली.

राघू घरी आली ती नाकावर कडक पट्टी, नाकपुड्यांत बोळे आणि डोळ्यांभोवती काळंनिळं घेऊन. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचं. तोंडाने श्वास घ्यायचा, म्हणजे ओठांची सालं निघायची. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते तिला आता कळलं. आई बर्फाची पुरचुंडी आणून देई, तीही मान वळवून.

पट्टी निघाली त्या दिवशी राघूने सवयीने पर्समधून चष्मा काढला. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "चष्मा लावता तुम्ही? बोलला नाहीत कधी."

बोलणार कशी? प्रत्येक वेळी फोटोसाठी आधीच काढून ठेवलेला असायचा.

"हाड कच्चं आहे अजून. नाकावर काही टेकवायचं नाही. निदान महिनाभर तरी."

राघूने चष्मा परत पर्समध्ये ठेवला. चष्म्याशिवाय तिला सुईचं नाकच काय, सुईही दिसत नसे.

दुकानात बँडवाला वाटच बघत होता. त्याचा कोट अर्धा रफू होऊन पडला होता. "ताई, उद्या वाजवायचंय. भोकातून बनियन दिसतं हो. लोक गाणं सोडून तेच बघतील."

तो गेल्यावर राघूने एका हाताने चष्मा डोळ्यांपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने सुई. कोट घसरला. पुन्हा घेतला, पुन्हा घसरला.

आई कोपऱ्यातून बघत होती. उठली, कापडाची पट्टी आणून लेकीच्या कपाळाला बांधली. चष्म्याच्या मधल्या दांडीला काळा दोरा बांधून तो त्या पट्टीला अडकवायला घेतला. चष्मा डोळ्यांसमोर लोंबायला हवा, पण नाकाला लागायला नको. हे माप काही भिंतीकडे बघून घेता येत नाही. आईला समोर बसावं लागलं, अगदी चेहऱ्याजवळ.

बसली. बराच वेळ बघत राहिली.

"सुजलंय अजून."

"हो."

"दुखतं?"

"थोडं."

आईने दोरा वर घेतला, खाली घेतला. चष्मा लटलट हलत होता.

"हलू नकोस ना, राघू."

राघू हलली नव्हती. हात आईचे थरथरत होते. शिंकायचं कसं ते डॉक्टरीणबाईंनी नीट शिकवलं होतं. रडायचं कसं, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.