सदतिसावी टीप

"कोणाला विचारून?"

तर्जनी टेबलावर दोनदा आपटायची आणि हा प्रश्न. हॅम्बर्गच्या आमच्या कायदा संशोधन संस्थेत मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी "काय कोंदट खोली आहे" असं पुटपुटत मी ग्रंथालयाची खिडकी उघडली, तर मागून चक्क मराठीत हा आवाज आला. सत्तरीचे एक गृहस्थ, अंगात ओला रेनकोट तसाच, माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

"गुदमरायला झालं म्हणून उघडली, सर. सांगणारच होते."

"सांगणं वेगळं, विचारणं वेगळं. बंद कर."

मनात म्हटलं, परदेशात एवढी माणसं, आणि हा खडूस म्हातारा नेमका माझ्याच वाट्याला यायचा होता!

सर मूळचे सांगलीचे. कायदा शिकायला जर्मनीत आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर एकाच प्रश्नावर लिहीत राहिले: राष्ट्राध्यक्षाला एकट्याच्या मर्जीने लढाई सुरू करता येते का? इथे सैन्य लढायला बाहेर पाठवायचं तर आधी संसदेची परवानगी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेनेही युद्ध पुकारायचा अधिकार संसदेलाच दिलाय, पण तिथले अध्यक्ष विमानं आधी पाठवतात आणि संसदेला मागाहून कळवतात. "बॉम्ब पडून झाल्यावर चिठ्ठी! ही काय रीत झाली?" सर कडाडायचे. अशी बातमी आली की एक कार्ड काढायचे आणि त्यावर तीन रकाने आखायचे. हुकूम कोणाचा, विचारलं कोणाला, कळवलं कधी. मधला रकाना बहुतेक वेळा कोराच राहायचा.

घरातही हाच कायदा. त्यांची बायको जर्मन, पण मी तिला काकूच म्हणते. काकूंनी एकदा नवे पडदे आणले आणि लावता लावता सरांना सांगितलं, तर सरांनी अर्धा तास राज्यघटना ऐकवली. काकू शिडीवरून "जा, जा, गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो, अगदी बरोबर", म्हणत पडदे लावत राहिल्या. नंतर मला डोळा मारून म्हणाल्या, "या घरात अध्यक्ष मी आहे."

आता माझं पाप सांगते.

लेख तपासायचे आणि त्यांच्या तळटिपा जुळवायच्या, हे माझं काम. सरांचा एक मोठा लेख एका नियतकालिकात यायचा होता. त्यात त्यांनी एकच अपवाद मान्य केला होता: देशावर हल्ला झाला तर तो परतवायला अध्यक्षाने संसदेसाठी थांबायची गरज नाही. त्या वाक्याला सदतिसावी टीप होती, चांगली पानभर. हल्ला म्हणजे सुरू झालेला हल्ला. हल्ला होईल ही भीती म्हणजे हल्ला नव्हे, आणि ती भीती खरी की खोटी हे एकट्या अध्यक्षाने ठरवायचं नाही. लेख दुपारपर्यंत द्यायचा होता, एक पान जास्त होत होतं, आणि नेमकं त्याच दिवशी सरांचं डोळ्याचं ऑपरेशन. मी ती टीप काढली, लेख पाठवला आणि मग काकूंच्या मोबाईलवर फोन केला.

"सर, लेख गेला. एक टीप तेवढी काढावी लागली. सदतीस."

"कोणाला विचारून?"

"आता कळवतेय ना, सर."

 मी काय बोलून बसले ते मला कळलं, पण लाज वाटायची सोडून उलट रागच आला. वेळ नव्हता, काम अडलं होतं, हे डोळ्याला पट्टी बांधून पडलेले, मी विचारणार कधी? तेव्हा मला ते अगदी पटलं होतं. त्या अध्यक्षांनाही असंच पटत असणार. दुसऱ्या दिवशी टीप परत घालायला फोन केला, तर अंक छपाईला गेला होता.

काही महिन्यांनी कुठेतरी विमानं गेली. हल्ला झालेला नव्हता. होईल अशी भीती होती म्हणे! ढिगाऱ्यांचे फोटो आले, आणि पाठोपाठ त्या कारवाईची तरफदारी करणारा एका वकील महाशयांचा लेखही आला. त्यात सरांचं ते अपवादाचं वाक्य होतं, टिपेशिवाय, त्यांचं नाव घालून. अध्यक्षांचे कट्टर टीकाकारसुद्धा हे मान्य करतात, असं वर लिहिलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मेल्याचा राग आला, विमानं पाठवणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

सरांनी तो लेख नवा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. बोट आपटलं नाही. कागद ओढून नियतकालिकाला दुरुस्ती लिहिली: लेखकाच्या नजरचुकीने एक टीप राहून गेली, ती अशी.

"सर, नजरचूक तुमची नाही. माझं नाव घाला."

"लेखावर नाव कोणाचं आहे?"

"मग मला ओरडा तरी!"

"ओरडून टीप परत येते का? जा, चहा आण."

मला एवढा संताप आला होता की कप आपटूनच ठेवला. ते चहा प्यायले आणि नवं कार्ड आखायला बसले. दुरुस्ती पुढच्या अंकात शेवटच्या पानाच्या तळाशी आली, जिथे काळं कुत्रंही बघत नाही. ते अर्धं वाक्य मात्र अजून फिरतंय.

सर गेल्या हिवाळ्यात गेले.

मागच्या महिन्यात एका प्रकाशकाचा मेल आला. सरांच्या लेखांचं पुस्तक निघतंय आणि पानं फार होताहेत. काढायच्या टिपांची यादी जोडली होती, तिच्यात सदतिसावीही होती. खाली लिहिलं होतं, "तुम्हाला विचारल्याशिवाय एकही टीप काढायची नाही, अशी अट लेखकांनी करारात घातली आहे. म्हणून विचारत आहोत."

मला! अहो, जिने न विचारता काढली तिला!

यादीतल्या काही टिपा खरंच फालतू होत्या. एका टिपेत तर सर स्वतःशीच भांडले होते. मी एकूण एक टिपेसमोर "नाइन", म्हणजे जर्मनमध्ये "नाही", लिहून पाठवलं. प्रकाशकाच्या संपादकाचा लगेच फोन आला, निदान सदतिसावी तरी काढू या, पानभर आहे. मी ग्रंथालयातच अशी ओरडले की सगळ्या माना वळल्या.

मग काकूंना फोन लावला.

"काकू, तुम्हाला ठाऊक होतं?"

"जा, ठाऊक होतं. मीच त्याला म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाला तरी नेम, तिने एकदा घोळ घातलाय."

"मग?"

"तो म्हणाला, म्हणूनच. ती आता कोणाला काढू देणार नाही."