बायकोच्या धास्तीची परीक्षा

सन १९९६. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीच. पण सुरतच्या उधन्यातल्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मी मास्टर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करणारा आणि कारागिरांवर नजर ठेवणारा. चाळीस माग धडधडत असताना त्यातला कोणता बिघडलाय ते मी पाठमोरा उभा राहून सांगायचो. त्या कानाचा मला गर्व होता. अजूनही आहे.

पोरगी लग्न होऊन भेस्तानला गेलेली, घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. दोन वर्षांआधी प्लेग आला तेव्हा सगळे घाबरले होते. मीही. ट्रंक उचलून आम्ही गावी अकोल्याकडं पळालो आणि महिन्याभरानं परत आलो. रोग गेला तशी लोकांची भीती गेली. हिची राहिली. आधी प्लेगची होती, मग माझा हात मागात सापडेल याची, मग पोरीच्या घरच्या गॅसची, मग कशाचीच नाही आणि सगळ्याची. झोप नाही. दोन घासांत जेवण संपायचं. स्टोव्हवर भाजी करपायची आणि ही दारात उभी, हात गार पडलेले. दुपारी खात्याच्या फाटकाशी येऊन रखवालदाराला विचारायची, "आत हायेत ना? बरे हायेत ना?"

कारागीर ओरडायचे, "मास्टर, वहिनी हजेरी घ्यायला आल्या! सही करून या!"

माझं टाळकं फिरायचं. घरी गेलो की म्हणायचो, "साऱ्यायच्या बायका घरी बसतात. तुलेच काय नवरा नवा हाये?"

"मले समजते हो, तुमी बरे हाये. समजते, पण छाती आयकत नाही."

"छातीले कान कधी फुटले?"

असं बोललो की मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू?

गल्लीतल्या गुजराती डॉक्टरनं तिची छाती तपासली, रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "देखो भाई, चिंता सबको होती है. कारण गया तो चिंता गई. इनकी जाती नहीं, इतने महीनों से. खाना, सोना, काम, सब बिगड़ गया. ये बीमारी है. बड़े अस्पताल में दिमाग के डॉक्टर को दिखाओ."

"मेरी औरत पागल है क्या?"

"मैंने पागल बोला क्या?"

मी तिचा दंड धरून बाहेर पडलो.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो. मागाला एक छोटा काटा असतो. आडवा धागा तुटला की तो काटा माग थांबवतो. कारागीर धागा जोडतो, माग पुन्हा चालू. पण धागा शाबूत असताना माग थांबला तर मास्टर पहिला संशय कारागिरावर घेतो. दम खायला ते गुपचूप काटा ढकलायचे. मी कित्येक पकडले. पद्धत एकच. लांब गेल्याचं दाखवायचं आणि आडोशाला बसायचं. बघणारं कुणी नाही असं वाटलं की कामचोर पाय पसरतो. काटाच वाकलेला असेल, हे मी सगळ्यात शेवटी बघायचो.

हिचाही धागा तुटलेला नव्हता. म्हणजे ढोंग.

"ज्या दिवशी ढोंग दिसलं," मी तिला सांगून ठेवलं, "त्याच्या दुसऱ्या दिवशी तुह्या भावाकडं नेऊन टाकतो. परत आणत नाही."

"टाका. पण तुमी कसे हाये हे मले तिथं कोन सांगन?"

सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी मी म्हणालो, "बारडोलीले चाललो, सांजेले येतो." ती मागं येऊ नये म्हणून बाहेरून कुलूप घातलं आणि चपला हातात घेऊन पायरीवर बसलो. आता ही पोटभर खाईल, आडवी होईल, घोरेल. मग मी कुलूप काढून म्हणेन, सापडली.

आतून काहीच आवाज नाही. मी मनात हसलो. मग कानाला बारीक काहीतरी लागलं. कुणाचा श्वास अर्ध्यात अडकावा तसं. थांबायचं, पुन्हा यायचं. भिंतीला पाठ घासल्याचा आवाज आला. दार एकदाही वाजलं नाही, हाक नाही. मला तिथंच कळलं होतं. चाळीस मागांतून ऐकणारा कान माझा, त्याला हे कळणार नाही होय? तरी मी उठलो नाही. समोरच्या घराची सावली नाली ओलांडून माझ्या पायांवर येईपर्यंत बसून राहिलो. आपण चुकलो हे गिळायला मला तेवढा वेळ लागला आणि तेवढा वेळ ती आत तशीच होती.

कुलूप काढलं. ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकलेली. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. साडी घामानं चिंब. ताटावर झाकण तसंच.

बोळा काढून ती म्हणाली, "आले?"

"गेलोच नवतो. दाराशी बसलो होतो."

तिनं घाबरून विचारलं, "मंग आवाज आला काय बाहेर?"

"तोंडात बोळा काहून?"

"शेजारी आयकतीन. उद्या खात्यात तुमाले हसतीन."

ढोंगी माणूस दुखणं दाखवतो. ही बंद खोलीत, एकटी असतानाही लपवत होती.

मी माफी मागितली नाही. मला ती सवय नाही. "चहा टाक," म्हणालो. तिनं टाकला. गाळताना अर्धा बशीत आणि अर्धा फरशीवर गेला. "फरशी पूस," एवढंच मी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर खाडा केला आणि तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. खात्यातलं कुणी बघू नये म्हणून तिला दहा पावलं मागून चालायला लावलं. नंबर पुकारल्यावर दोघं आत गेलो. दिमागच्या डॉक्टरनं विचारलं, "क्या तकलीफ है?" मी नेहमीसारखं तिच्या आधी तोंड उघडलं. मग मिटलं. "इसी से पूछो," म्हणालो आणि ती बोलायला लागली तेव्हा भिंतीकडं तोंड करून, कान तिच्याकडं लावून उभा राहिलो.