खणातला कांदा
पोळ्याचा दुसरा दिवस. हजर: मालक, हमालकाका आणि मी. फोडलेल्या कांद्याचा वास आला की आमच्या आर्णीच्या बी-खताच्या दुकानातला तो दिवस आठवतो. मला फिट येतात हे नोकरी जाईल म्हणून मी लपवलं होतं, आणि माझ्या टेबलाच्या खणात, फिटच्या गोळ्यांशेजारी, कांदा निघाला. फिट आल्यावर हुंगवतात तसा, फोडून ठेवलेला. संशयित दोनच. मालक नेहमीपेक्षा गोड बोलत होते, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवली. दुपारी काकाच हळूच म्हणाले, “कायले घाबरतं ताई? तुह्या गोया पाह्यल्या मी. माह्या पोरीले त्याच हायेत.” “मालकांना सांगितलं?” “मी कायले सांगू? तूच सांग.” कांदा मी फेकला आणि फिट आली तर कुशीवर वळवा, एवढं त्यांना शिकवलं. काकांनी काम सोडूनही वर्षं झाली. मालक अजून गोडच बोलतात, आणि माझ्या कामांच्या यादीत ‘मालकांना सांगणे’ ही ओळ अजून खोडायची राहिली आहे.